चार कोसांची वाणी

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या मनांत काशी, रामेश्वर, बद्रिनारायण, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आम्ही ह्या लेखांत ज्या स्थळाचें वर्णन करणार आहों, तेथें प्रसिद्ध देऊळ नाहीं, धबधबा नाहीं, आणि थंड हवा तर नाहींच नाहीं. तेथें आहे दोन खोल्यांचें एक घर, घराच्या पाठीशीं एक लोखंडी मनोरा आणि घरांत बसून बोलणारीं पांचसात माणसें. हें एका लहानशा गांवचें रेडिओ केंद्र होय. गेल्या फाल्गुनांत आम्हांस तेथें पंधरा दिवस राहण्याचा योग आला. आमचे एक जुने विद्यार्थी त्या केंद्राची व्यवस्था पाहतात. मुलांसाठीं रोज एक पौराणिक गोष्ट आम्हीं सांगावी, असा त्यांचा आग्रह पडला. गोष्टी सांगण्यांत आमचा जन्म गेला खरा. परंतु समोर मुलें नसतांना गोष्ट सांगणें ही निराळीच विद्या आहे व ती प्रथम शिकावी लागते. शाळा सोडलेले आम्ही अशा रीतीनें पुनः विद्यार्थी झालों. आमच्या जोडीस दुसरी एक विद्यार्थिनी होती. हा लेख खरें म्हणजे तिच्याकरितांच लिहीत आहों. मंडळींच्या इच्छेवरून त्यांचीं नांवें व गांवाचें नांव येथें दिलेलें नाहीं. मुलूख मात्र सांगतों. तो माणदेश.

पुण्याहून सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद असें करीत एस. टी.नें फलटणास यावें. तेथवर नीरेच्या उजव्या कालव्याची कृपा आहे; रस्त्याच्या दोहों बाजूंस ऊंस डोलत असतो. फलटण सोडून दहिवडीची वाट धरली कीं मोगराळ्याचा घाट लागतो. घाट कांहीं फार मोठा नाहीं. परंतु माथा ओलांडतांच मुलूख बदलतो. मागें राहिला तो हिरवा रंग. पुढें दिसतो तो करडा व तांबूस. लांबच लांब माळ, मधूनच बाभळीचें झाड, कुसळें खात चाललेलीं मेंढरें, आणि त्यांच्या मागें खांद्यावर घोंगडें टाकलेला मेंढका. एका अंगास शंभुमहादेवाची डोंगररांग व तीवर शिखर शिंगणापूर.

महाबळेश्वर व हा माण तालुका एकाच सातारा जिल्ह्यांत आहेत, हें भूगोल शिकवितांना आम्ही पुष्कळदां सांगत असूं. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येथें पांचशेच्या आसपास, आणि तोहि ज्या वर्षीं येईल त्या वर्षीं. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात व पूर्वेच्या ह्या पट्ट्यांत पोंचतात ते बहुधा पोकळ. माणगंगेच्या पात्रांत वर्षाचा बराच काळ पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. तथापि ह्या भूमीनें नांवाजलेला खिलार बैल दिला, आटपाडी-सांगोल्याकडे डाळिंबें पिकविलीं, आणि ज्यांस येथें पोट भरतां आलें नाहीं त्यांस सोनें-चांदी गाळण्याची 'गलाई' शिकवून देशभर पाठविलें. व्यंकटेश माडगूळकरांचें १९४९ सालचें 'माणदेशी माणसें' ज्यांनीं वाचलें आहे त्यांस येथील लोकांची ओळख आम्हीं नव्यानें करून द्यावी असें नाहीं. तेच माडगूळकर पुढें पुणें आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम पाहत असत, एवढें ह्या विषयाच्या संबंधानें लक्षांत ठेवावें.

आतां केंद्राविषयीं. बाहेरची खोली कचेरीची. तींत एक टेबल, दोन संगणक, भिंतीवर गांवोगांवच्या आठवडे बाजारांचें वेळापत्रक व एक पंचांग. आंतली खोली ध्वनिमुद्रणाची. तिला एकावर एक असे दोन दरवाजे, मधें कांचेची खिडकी, आणि भिंतींस आंतून जाड अस्तर. जेथें विकतचें अस्तर पुरलें नाहीं तेथें गांवांतील बायकांनीं दिलेल्या गोधड्या ताणून बसविल्या आहेत. त्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. उघड्या भिंतीवर आपटून आवाज परत येतो व बोलणें विहिरींतून आल्यासारखें ऐकूं येतें. गोधडी तो आवाज गिळून टाकते. आजीच्या लुगड्यांची गोधडी अशा कामीं यावी, हें पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ति नियमानें सामान्यतः शंभर वॅटपर्यंतच मर्यादित असते. शंभर वॅट म्हणजे पूर्वी आपल्या ओसरीवर जो विजेचा दिवा लागे, तेवढी! मनोऱ्याची उंचीहि तीस मीटरांहून अधिक चालत नाहीं. ह्या लहरींची लांबी सुमारें अकरा फूट असते व त्या बहुतेक सरळ रेषेंत जातात. म्हणून डोंगर आडवा आला कीं पलीकडची वाडी मुकी राहते. सपाटीवर दहाबारा किलोमीटर, म्हणजे आपले जुने चार कोस, एवढें ह्या वाणीचें राज्य.

ह्या लहान केंद्रांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९३५ सालीं म्हैसूर येथें मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोपालस्वामी ह्यांनीं आपल्या राहत्या घरीं एक लहान प्रक्षेपण केंद्र उभारलें व त्यास 'आकाशवाणी' असें नांव दिलें. पुढें स्वतंत्र भारतानें सगळ्या देशाच्या नभोवाणीस तेंच नांव दिलें. पुण्याचें केंद्र सुरू झालें तें १९५३ च्या गांधीजयंतीस. १९५५ सालीं ह्याच केंद्रावरून गीतरामायण घरोघर गेलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यानंतर अवघ्या एका वर्षानें तेथूनच झालेला दुसरा प्रयोग लोक विसरले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत, युनेस्कोच्या साहाय्यानें, आसपासच्या पांच जिल्ह्यांतील दीडशें खेड्यांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापण्यांत आलीं. आठवड्यांतून दोनदां अर्धा तास मंडळींनीं एकत्र बसून ऐकावें, ऐकलेल्यावर वाद करावा व आपले प्रश्न पुण्यास लिहून कळवावे, अशी योजना होती. रेडिओस खेड्यांतून उत्तर जाऊं शकतें, हें त्या वेळीं प्रथम दिसलें.

परंतु उत्तर देणें निराळें व स्वतः बोलणें निराळें. त्यास आणखी जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, आकाशांतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत ह्यांचें होतें. त्यानंतर २००२ सालीं शिक्षणसंस्थांस व २००६ सालीं सेवाभावी संस्थांस असें केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. २००८ च्या ऑक्टोबरांत तेलंगणांतील माचनूर येथें दलित शेतकरी स्त्रियांनीं 'संघम् रेडिओ' चालू केला. त्याच वर्षाच्या अखेरीस माणदेशांतच म्हसवडास 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. आम्ही गेलों तें केंद्र ह्या दोहोंच्या मानानें अगदींच धाकटें.

अशा केंद्रांत नवख्या माणसास प्रथम बोलूं देत असतील असा आमचा समज होता. तसें कांहीं नाहीं. केंद्रप्रमुख तिशीच्या आंतबाहेरच्या एक बाई. सर्व त्यांस 'ताई' म्हणत. त्यांनीं आम्हां दोघांस पहिले तीन दिवस नुसतें ऐकावयास पाठविलें, आणि तेंहि केंद्रांत नव्हे तर वस्त्यांवर. "आपला आवाज कुठून कुठून जातो, तें आधीं पाहून या," एवढेंच त्या म्हणाल्या. आम्ही पाहिलें. एका घरीं रेडिओ चुलीजवळच्या फडताळांत होता व भाकरी थापण्याच्या आवाजांतून त्याला वाट काढावी लागे. एका जागीं तो गोठ्याच्या खुंटीस टांगलेला. कोठें पिठाच्या गिरणीच्या घरघरींत, कोठें मेंढक्याच्या खिशांतील फोनवर. कोणीहि हात जोडून ऐकत बसलेला नव्हता. ज्यास ह्या श्रोत्यांशीं बोलावयाचें त्यानें वाक्यें लहान ठेवावीं, आंकडा दोनदां सांगावा आणि महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या आरंभीं घालूं नये, कारण ऐकणाऱ्याचें लक्ष तोंवर चुलीवरून वळलेलें नसतें. हा पहिला धडा.

दुसरा धडा यंत्राचा. वरखालीं सरकणाऱ्या कळांची एक पाटी असते, तिला मिक्सर म्हणतात. एक कळ बोलणाऱ्याच्या आवाजाची, एक गाण्याची, एक दूरध्वनीची. आवाज चढला कीं हिरव्या दिव्यांच्या जागीं पिवळे व मग तांबडे दिवे लागतात. तांबडा लागला म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानांत आवाज फाटला असें समजावें. पंखा बंद, कागद हातांत धरावयाचा नाहीं तर टेबलावर पसरावयाचा, पान उलटावयाचें नाहीं तर सरकवावयाचें. आणि सर्वांत मोठें भय शांततेचें. तीनचार सेकंद कांहींच ऐकूं आलें नाहीं तर श्रोता यंत्र बिघडलें असें समजून कळ फिरवितो. गेलेला श्रोता त्या दिवशीं परत येत नाहीं.

येथेंच आमच्या सहाध्यायिनीची पहिली अडचण निघाली. ती एका शेतकरी घरची सून. बारावीपर्यंत शिकलेली, लग्नास दोन वर्षें झालेलीं. नवरा गलाईच्या कामावर दक्षिणेंत. तिच्या हातांत हिरव्या कांचेच्या बांगड्या होत्या व हात हालला कीं त्या मायक्रोफोनला नीट ऐकूं येत. बांगड्या काढून ठेव असें सौभाग्यवतीस कोण सांगणार? तिनेंच तोड काढली. बांगड्या कोपराकडे चढवून तिनें त्यांवर रुमाल घट्ट गुंडाळला. ताई म्हणाल्या, येथें आलेली प्रत्येक सासुरवाशीण हेंच करिते.

अडचण बांगड्यांपाशीं थांबती तर बरें होतें. तिच्या सासऱ्यांनीं पंधरा दिवसांची मुदत घातली होती. गृहस्थ दुष्ट नव्हते. एकदां तिला पोंचवावयास आले असतां आमच्याशीं बोलले. "गुरुजी, घरात सून मोठ्यानं बोलली तर आमी तिला म्हंतो, बाई, शेजारी ऐकत्यात. आन् हितं ही चार कोसात बोलनार. चावडीवर कुनी वाकडा शबुद काढला की त्याच दिवशी बंद." दुसरीकडे केंद्राचीहि अट होती. पंधराव्या दिवशीं नवख्यानें अर्धा तास एकट्यानें थेट कार्यक्रम चालवावा. साधला तर मासिक मानधनावर नेमणूक. मानधन तें किती असणार! तथापि त्या घरांत महिन्याच्या महिन्यास येणारा तो एवढाच पैसा झाला असता. अशा दोन परीक्षा तिच्यापुढें एकाच दिवशीं उभ्या होत्या.

तिसरा धडा उच्चाराचा, आणि तो आमच्या आवडीचा. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत दूर व किंचित् बाजूस ठेवावा लागतो. कारण प, फ, ब, भ हे ओष्ठ्य वर्ण उच्चारतांना ओठांतून वाऱ्याचा झोत निघतो व त्याचा यंत्रांत धडाका होतो. हा झोत अडविण्यास कशिद्याच्या लांकडी कड्यावर पातळ कापड ताणून बसविलें होतें. आम्हांस पाणिनीय शिक्षेची आठवण झाली. तींत वाचन करणाऱ्यांचे सहा दोष सांगितले आहेत: गाऊन वाचणें, घाई करणें, मान हालविणें, लिहिलेलें पाहून वाचणें, अर्थ न कळतां वाचणें आणि दबक्या गळ्यानें वाचणें. वाघीण आपलीं पिलें दांतांत धरून नेते तेव्हां तीं पडूंहि देत नाहीं व त्यांस दांतहि लागूं देत नाहीं, तसे वर्ण उच्चारावे, असाहि दृष्टान्त तेथें आहे. हें आम्हीं त्या मुलीस सांगितलें. तिनें ऐकून घेतलें व म्हणाली, "म्हंजी आमची मांजरी नेती तसं!" शिक्षाकारांस ही दुरुस्ती मान्य झाली असती असें आम्हांस वाटतें. सहा दोषांपैकीं तिच्यांत एकच होता. वाक्याचीं शेवटचीं अक्षरें तिच्या घशांत राहत. सासरीं वाक्य पुरें होण्यापूर्वींच हळू होण्याची संवय लागते, त्यास इलाज काय? रोज सकाळीं माळावर उभी राहून ती पन्नास पावलांवरच्या बाभळीस ऐकूं जाईल असें बोलूं लागली व आठ दिवसांत शेवटचीं अक्षरें बाहेर आलीं.

ह्याच सुमारास शहरांतील एका हितचिंतकांचें पत्र केंद्रास आलें. मजकूर असा कीं, केंद्राचें कार्य स्तुत्य आहे, परंतु निवेदिका 'पानी', 'लोनी', 'कोनी' असे बोलतात. हें कानांस खटकतें. कोणा जाणत्या माणसाकडून त्यांचें वळण सुधारून घ्यावें. ताईंनीं पत्र आमच्यापुढें ठेविलें व विचारलें, "गुरुजी, ह्या मुलीस आपण णकार शिकवाल काय?"

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. आपल्या घरोघर तो हंसण्यावारी नेण्यांत येतो, आणि त्या हंसण्यानें कित्येक हुशार मुलें वर्गांत तोंड मिटून बसतात, हें आम्हीं अनेक वर्षें पाहिलें आहे. आम्हीं आपलें मत असें सांगितलें. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच म्हटलें आहे कीं, घडा पाहिजे असला तर मनुष्य कुंभाराच्या घरीं जातो. परंतु शब्द पाहिजेत म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरीं जात नाहीं. शब्द लोकांच्या तोंडीं असतात. दर बारा कोसांवर भाषा बदलते असें आपण म्हणतों. ह्या केंद्राचा आवाज तर चारच कोस जातो. तेव्हां त्या चार कोसांची जी भाषा, तीच येथील प्रमाणभाषा. सरकारी धोरणांतहि अशा केंद्रांनीं शक्यतों स्थानिक भाषा व बोली वापरावी असेंच म्हटलें आहे. सरकारी पत्रक वाचावयाचें असेल तेव्हां तें जसें लिहिलें असेल तसें वाचावें, आणि ज्या मुलीस णकार शिकण्याची इच्छा असेल तिला तो अवश्य शिकवावा. विद्या कोणासहि नाकारूं नये. परंतु स्वतःचें बोलतांना तिनें स्वतःच्या तोंडानें बोलावें. अक्षर स्पष्ट पाहिजे. मग तें 'न' असो वा 'ण'. ताईंनीं पत्राचें उत्तर काय धाडलें तें आम्हीं विचारलें नाहीं.

पुढचे धडे लौकर आटोपतों. बाहेर जाऊन कोणाचें बोलणें मुद्रित करावयाचें तर प्रथम त्या जागेची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून घ्यावी. पुढें काटछाट करतांना मधल्या भेगा त्या शांततेनें बुजवितां येतात. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, हें आम्हांस तेथें कळलें. गोठ्याची एक, देवळाची दुसरी. समोरचा बोलत असतां 'हं, हं' म्हणावयाचें नाहीं, मान हालवावयाची. ह्या मुलीनें आपल्या सासूच्या जात्यावरच्या ओव्या ह्याच रीतीनें उतरून घेतल्या. घरांत जातें आतां फिरत नाहीं, पीठ गिरणींतून येतें. परंतु रिकाम्या जात्याच्या खुंट्यास हात घातल्यावांचून त्या माउलीस ओवी आठवेना! म्हणून जातें झाडून पुसून मांडलें व चाळीसांवर ओव्या निघाल्या. आपल्या सासूस इतकें येतें हें त्या मुलीस त्या दिवशीं कळलें, आणि आपण गातों तें कोणी सांठवून ठेवण्याजोगें आहे हें सासूस.

नियमांचा धडा सर्वांत अवघड. अशा केंद्रास स्वतःच्या बातम्या देतां येत नाहींत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा ऐकविण्याची तेवढी मुभा आहे. निम्म्याहून कमी नाहीं इतका कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानेंच तयार झाला पाहिजे. झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. कोणाची तक्रार आली तर तोच साक्षीदार. मात्र हवामान, वीज, पाणी, परीक्षा, यात्रा ह्यांविषयींच्या सूचना बातम्यांत मोडत नाहींत व त्या देण्यास प्रत्यवाय नाहीं. बातमी कोठें संपते व सूचना कोठें सुरू होते, ही रेघ नवख्यास दाखवितां येत नाहीं. ती ज्याची त्यास सांपडावी लागते.

पंधरावा दिवस उजाडला. संध्याकाळीं साडेसहास कार्यक्रम. आरोग्य केंद्रांतील डॉक्टरीणबाई उन्हाळ्यांतील आजारांवर बोलणार होत्या. सव्वासहास निरोप आला कीं, एका बाळंतिणीचें अडलें आहे, त्या येऊं शकत नाहींत. अर्धा तास समोर मोकळा. ताई कांचेच्या अलीकडे आमच्या शेजारीं बसल्या. त्या उठल्या नाहींत. दरवाज्यावरचा तांबडा दिवा लागला. मुलीनें रुमाल आवळला, एक दीर्घ श्वास घेतला व डॉक्टरीणबाई कां आल्या नाहींत तें सरळ सांगितलें. मग उन्हांतून आल्यावर काय करावें, तें आपल्या सासूकडून ऐकलेलें व डॉक्टरीणबाईंनीं आधीं लिहून दिलेलें असें दोन्हीं मिळून सात मिनिटें बोलली. नंतर दूरध्वनीची कळ वर केली.

पहिलाच आवाज एका वृद्ध बाईचा, रागानें थरथरणारा. "ताई, आमच्या वस्तीवर चार दिस झालं टँकर न्हाई. त्यो कुठं रिता हुतो ते मला ठावं हाय. नाव सांगू का?"

ताईंचा हात कळेकडे गेला होता. एका बोटानें तो आवाज तोडतां आला असता. नांव उच्चारलें गेलें असतें तर केंद्रावर किटाळ, आणि आवाज तोडला असता तर ती वस्ती कायमची तुटली असती. मुलगी क्षणभर थांबली. तीन सेकंदांच्या आंतच बोलली.

"मावशी, आदी तुमचा रेडिओ बारीक करा, आवाज घुमतुया. आन् नाव नगा घेऊ. नाव घेतलं की भांडान हुतं, पानी येत न्हाई. वस्ती कुठली, घरं किती, कवापास्नं पानी न्हाई, तेवढं सांगा. मी ल्ह्यून घेती."

पलीकडे थोडा वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग मावशीनें वस्तीचें नांव सांगितलें, बावीस घरें सांगितलीं, वार सांगितला. आवाजांतील थरथर गेली होती. तिचा फोन ठेवला जातो न जातो तों दुसऱ्या वस्तीचा आला. मग तिसरा. सात वाजण्यास दोन मिनिटें असतां त्या मुलीनें पांच वस्त्या, त्यांचीं घरें आणि पाणी न आल्याचे दिवस सावकाश दोनदां वाचून दाखविले. कोणावर आरोप नाहीं, एक विशेषण नाहीं. त्या अर्ध्या तासांत ती 'पानी' हा शब्द वीस वेळां तरी बोलली असेल. णकाराची उणीव त्या चार कोसांत कोणास भासली असेल असें वाटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ती यादी लेखी कचेरींत पोंचविण्यांत आली. त्याच दिवशीं तीन वस्त्यांवर टँकर गेला, उरलेल्या दोहोंवर तिसऱ्या दिवशीं. रेडिओ नसता तर तो गेलाच नसता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पांच वस्त्यांचें दुःख एका कागदावर आलें नसतें, हें खास.

आणि दुसरी परीक्षा? सासरे त्या वेळीं चावडीवरच होते. रात्रीं आठास ते मोटारसायकल घेऊन तिला न्यावयास आले. आम्ही सर्व त्यांच्या तोंडाकडे पाहत होतों. ते म्हणाले, "त्या म्हातारीचा आवाज लई बारीक आला. तुजा खनखनीत आला." मग टोपी सारखी करून, "चावडीवर समदी गप ऐकत हुती," एवढें बोलून त्यांनीं गाडी चालू केली. मुलगी "चला मामा," म्हणून मागें बसली. मुदत पंधरा दिवसांनीं वाढली. त्यानंतर ती दर पंधरवड्यास वाढत आहे, असें आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रांवरून कळतें. कायमची परवानगी अद्याप मिळालेली नाहीं.

सर्व गोड झालें असें वाचकांनीं समजूं नये. केंद्रापाशीं पैसा थोडा; विजेचें देयक भरतांना ओढाताण होते. शिकून तयार झालेल्या दोघी मागील वर्षींच गेल्या, एक लग्न होऊन व एक पुण्यास अधिक पगारावर. तयार करावें व सोडून द्यावें, हा खेड्यांतील शाळांचा अनुभव ह्या केंद्रांच्याहि कपाळीं आहे. तथापि ताई पुढच्या नवख्या मुलीसाठीं पुनः पहिल्या धड्यापासून आरंभ करितात, व त्यांच्या तोंडीं कुरकूर आम्हीं ऐकली नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणी शिखर शिंगणापुरास अथवा म्हसवडच्या सिद्धनाथास जाणार असतील, त्यांनीं घाट ओलांडल्यावर गाडींतील रेडिओची कळ थोडी फिरवून पाहावी. मोठ्या शहरांचे आवाज मागें पडल्यावर कोठें तरी एखादी मुलगी बाजारभाव सांगत असेल, एखादी आजी ओवी म्हणत असेल. हंसूं नये, ऐकावें. आणि ज्यांस जाणें घडणार नाहीं त्यांनीं घरांतच एक गोष्ट करावी. आज प्रत्येकाच्या हातांत आवाज सांठविणारें यंत्र आहे. घरांतील सर्वांत वडील स्त्रीपाशीं बसून, पंखा बंद करून, प्रथम अर्धा मिनिट त्या खोलीची शांतता व नंतर अर्धा तास तिचें बोलणें त्यांत घ्यावें. मधें 'हं' म्हणूं नये, आणि तिचा एकहि शब्द सुधारूं नये.